बारकावे दाखवणाऱ्या स्पीकरचा पुन्हा पुन्हा परतणारा कर्कशपणा: ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर बदलण्यापूर्वीची तपासणी

बारकावे दाखवणारे स्पीकर घेतलेल्या अनेकांची तक्रार ठरावीक क्रमाने पुढे जाते. सुरुवातीला व्हायोलिनच्या तारेवरून फिरणाऱ्या गजाचा स्पर्श, गायिकेने दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास, तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे स्वरांचे पदर हे सारे प्रथमच सुटे सुटे ऐकू येते आणि आनंद होतो. पुढे लक्षात येते की सलग फार वेळ ऐकवत नाही. ‘स’ आणि ‘श’ टोचतात, झांजेचा नाद पसरण्याऐवजी फुटतो आणि हात आपोआप आवाज कमी करायला जातो. मग मृदू आवाजासाठी नावाजलेला ॲम्प्लिफायर येतो, काही आठवडे समाधान टिकते, तोच त्रास परततो आणि पुढचा संशय सीडी प्लेअरवर घेतला जातो. तोही बदलून होतो, तरी कान थकायचे थांबत नाहीत.

नवे उपकरण लावताना इतर दोन-तीन गोष्टी नकळत बदलतात, हे या चक्राचे मुख्य कारण आहे. तारा काढून पुन्हा घट्ट बसवल्या जातात, स्पीकर थोडे हलतात आणि आवाजाची पातळी पूर्वीइतकी राहत नाही. त्यामुळे झालेल्या सुधारणेचे श्रेय नव्या उपकरणाला मिळते आणि मूळ कारण जागेवरच राहते. माझ्या मते अशा तक्रारींत ॲम्प्लिफायरचा दोष कधी कधी खरोखर असतो, परंतु तो त्याच्या ‘स्वभावा’चा नसून स्पीकरशी असलेल्या विद्युतसंबंधाचा असतो, सीडी प्लेअरचा दोष त्याहून बराच विरळा असतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी त्रास कोठून येतो ते वेगळे काढणे आवश्यक आहे.

त्रास वेगळा कसा काढावा

सर्वांत आधी जोडणी पाहावी, कारण ती पाहायला काहीच लागत नाही. दोनपैकी एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर दोन्ही स्पीकरचे वूफर (खालचे स्वर वाजवणारे भाग) एकमेकांविरुद्ध हलतात, खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि उरलेला आवाज पातळ व तीक्ष्ण वाटतो. एकट्या गायकाचे मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकसारखेच येणारे) ध्वनिमुद्रण लावल्यावर आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका जागी उभा राहिला पाहिजे. तो खोलीभर विखुरलेला वाटत असेल, तर एकाच स्पीकरच्या तारा उलटून पाहाव्यात. शंका राहिल्यास तार ॲम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना १.५ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावावी. धन टोक लाल तारेला लावल्यावर दोन्ही स्पीकरचे वूफर एकाच दिशेने, बहुतेक स्पीकरांत बाहेरच्या बाजूला, सरकले पाहिजेत. ज्या स्पीकरना मागे चार टर्मिनल असतात, त्यांच्या टर्मिनलच्या दोन जोड्या जोडणाऱ्या धातूच्या जोडपट्ट्या सैल झाल्या तर वूफरचा भाग अर्धवट वाजतो किंवा अजिबात वाजत नाही, आणि तक्रार मात्र ‘ट्रेबल फार आहे’ अशी होते.

त्यानंतर त्रास कोणत्या परिस्थितीत होतो ते नोंदवावे. ठरावीक सीडींनाच होत असेल, तर त्या सीडी चांगल्या हेडफोनवर ऐकाव्यात; तेथेही तोच टोचरेपणा असेल तर तो ध्वनिमुद्रणात आहे, आणि बारकावे दाखवणारे स्पीकर आपले काम नीट करत आहेत. सर्वच सीडींना होत असेल, तर एक सोपा प्रयोग करावा: खुर्ची स्पीकरपासून सुमारे १ मीटरवर आणून, आवाज त्या प्रमाणात कमी करून, ट्वीटरच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान भागाच्या) उंचीवर कान ठेवून ऐकावे. इतक्या जवळ थेट येणारा ध्वनी भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीपेक्षा बराच वरचढ असतो. येथे कर्कशपणा मावळला, तर दोष खोलीचा आणि मांडणीचा आहे आणि कोणताही ॲम्प्लिफायर तो घालवणार नाही. जवळूनही तो तसाच राहिला, तर स्पीकर किंवा त्यामागील उपकरणे यांच्याकडे वळावे. केवळ मोठ्या आवाजात, विशेषतः वाद्यवृंदाच्या जोरदार भागात त्रास होत असेल, तर ॲम्प्लिफायर मर्यादेला पोहोचत असल्याचा संशय रास्त ठरतो. याउलट अगदी हळू आवाजात संगीत पातळ वाटत असेल, तर ते मानवी कानाचे लक्षण आहे: आवाज कमी होईल तसतशी खालच्या स्वरांविषयीची संवेदनशीलता झपाट्याने घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. अशा वेळी बेसचा नॉब थोडा वाढवण्यात कोणताही कमीपणा नाही.

मांडणीविषयी थोडक्यात

मांडणीवर स्वतंत्र लेख होऊ शकेल. येथे निवडीवर परिणाम करणारे तेवढेच सांगतो. स्पीकर थेट कानावर रोखलेले असतील, तर ते थोडे बाहेर वळवावेत. ट्वीटरचा ध्वनी अक्षापासून बाजूला गेल्यावर वरच्या कंपनसंख्यांत घटत जातो, त्यामुळे काही अंशांच्या फरकाने जे साधते ते अनेकदा नव्या ॲम्प्लिफायरने साधत नाही. स्पीकर आणि मागची भिंत यांच्यातील अंतर ०.९ मीटर असेल, तर भिंतीवरून परतलेला ध्वनी साधारण ९५ हर्ट्झच्या आसपास थेट ध्वनीला खोडतो आणि आवाजाचा भरीवपणा हरवतो. खालचा भाग हरवला की वरचा भाग जास्त वाटतो, मोजला तर तो वाढलेला नसतो. बाजूच्या भिंतींवर पहिले परावर्तन जेथून होते, तेथे जाड रजई तात्पुरती टांगून ऐकावे. पातळ पडदा किंवा पातळ फोम केवळ सर्वांत वरच्या कंपनसंख्या शोषतो. कानाला सर्वाधिक टोचणारा भाग २ ते ५ किलोहर्ट्झचा आहे आणि त्याच्यासाठी बऱ्यापैकी जाडी लागते.

ॲम्प्लिफायर: आधी व्होल्टेज आणि भार, मग कीर्ती

जवळून ऐकूनही, किंवा मोठ्या आवाजातच, त्रास होत असेल तर ॲम्प्लिफायरचा विचार सुरू होतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, अशी सांगितली जाते. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट होतो, परंतु ४ ओहमच्या स्पीकरला तोच आकडा २ वॅटचा असतो, हे माहितीपत्रके सहसा ठळकपणे सांगत नाहीत. ८६ डेसिबलचे दोन स्पीकर ३ मीटरवरून ऐकले, तर खोलीची मदत न धरता प्रत्येकी २.८३ व्होल्टला खुर्चीपाशी सुमारे ८० डेसिबल मिळतात. ही सरासरी पातळी धरली आणि चांगल्या ध्वनिमुद्रणातील क्षणिक उसळी त्याहून २० डेसिबल वर जाते असे मानले, तर व्होल्टेज दहापट, म्हणजे २८.३ व्होल्ट लागते: ८ ओहमला १०० वॅट, ४ ओहमला २०० वॅट. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमला २० व्होल्टपर्यंतच जातो. त्यापुढे उसळीचे शेंडे कापले जातात, कापलेल्या शेंड्यांतून मूळ संगीतात नसलेल्या वरच्या कंपनसंख्या निर्माण होतात, आणि बारकावे दाखवणारा ट्वीटर त्याही इमानाने वाजवतो.

येथे अनेकांची दिशाभूल व्हॉल्यूमचा नॉब करतो. नॉब अर्ध्यावरही नाही, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती शिल्लक आहे, ही समजूत चुकीची आहे. सीडी प्लेअर कमाल पातळीला साधारण २ व्होल्ट देतो, तर पुष्कळ ॲम्प्लिफायर २०० ते ३०० मिलिव्होल्टलाच पूर्ण शक्ती गाठतात. २५० मिलिव्होल्टचा ॲम्प्लिफायर धरला तर १८ डेसिबलची जादा वाढ आधीच हाती असते, म्हणून नॉब पूर्ण फिरण्याच्या कितीतरी आधी ॲम्प्लिफायर संपलेला असतो.

आपण खरोखर किती व्होल्टेज वापरतो, हे साध्या मल्टीमीटरने मोजता येते. नेहमीचे संगीत लावून, आपण कधीही ऐकतो त्या सर्वांत मोठ्या पातळीवर नॉब न्यावा आणि संगीत थांबवून तो तसाच ठेवावा. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवाव्यात, तो पुन्हा चालू करून −१२ डेसिबल पातळीचा (सीडीवरील कमाल पातळीपेक्षा १२ डेसिबल खालचा), १०० ते २०० हर्ट्झमधील शुद्ध स्वर सीडीवरून वाजवावा आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज वाचावे. साध्या मल्टीमीटरचे एसी वाचन उंच कंपनसंख्यांना भरवशाचे नसते, म्हणून स्वर खालचा घ्यावा. वाचलेल्या आकड्याला ४ ने गुणले की सीडीवरील कमाल पातळीला लागणारे व्होल्टेज मिळते. वाचन ३ व्होल्ट आले तर १२ व्होल्ट पुरतात, आणि ५० वॅटचा ॲम्प्लिफायर निवांत आहे. ७ व्होल्ट आले तर त्याच्याकडून २८ व्होल्टची अपेक्षा होत आहे आणि कर्कशपणाचे कारण सापडले. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी: व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय कधीही चालवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. त्याच्या बाबतीत, आणि क्लास डी (अतिजलद चालू-बंद होऊन शक्ती देणाऱ्या) ॲम्प्लिफायरच्या बाबतीतही, स्पीकर जोडलेले ठेवून मोजमाप काही सेकंदांत उरकावे.

या मोजमापातून उलट निष्कर्षही निघू शकतो. बहुतेक लोक समजतात त्याहून खूपच कमी शक्ती वापरतात, आणि अशांना मोठा ॲम्प्लिफायर घेऊन काहीही मिळत नाही. स्पीकरचीही मर्यादा असते. बीबीसीने आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मधल्या स्वरांच्या स्पष्टतेसाठी आजही ओळखला जातो, परंतु त्याची सेन्सिटिव्हिटी सुमारे ८३ डेसिबल आहे आणि तो फार शक्ती पेलत नाही. तो जवळून ऐकण्यासाठीच आहे. मोठ्या खोलीत असा स्पीकर ओरडू लागला, तर स्पीकर बदलणे हाच मार्ग उरतो.

व्होल्टेजनंतर भार येतो. स्पीकरवर छापलेले ‘८ ओहम’ हे केवळ नाममात्र असते. प्रत्यक्ष इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, प्रत्येक कंपनसंख्येला वेगळा असतो. किमान इम्पिडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८ ओहमसाठी ६.४ ओहमखाली जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय प्रमाणसंकेत आहे, परंतु ८ ओहम म्हणून विकले जाणारे कित्येक स्पीकर ४ ओहमच्या जवळ जातात. म्हणून मोजमापासह प्रसिद्ध झालेला इम्पिडन्सचा आलेख मिळवावा आणि त्यातील सर्वांत खालचा बिंदू पाहावा. ॲम्प्लिफायरची ४ ओहमची क्षमता ८ ओहमच्या दुपटीच्या जवळ असेल, तर त्याचा वीजपुरवठा भार पेलतो असे समजावे. माहितीपत्रकात ४ ओहमचा आकडाच नसेल, तर बारकाव्यांच्या स्पीकरसाठी मी तो ॲम्प्लिफायर विचारात घेणार नाही.

इतके पाहिल्यावरही ‘मृदू’ ॲम्प्लिफायरचा प्रश्न उरतोच, कारण दोन ॲम्प्लिफायरचा आवाज एकाच स्पीकरवर खरोखर वेगळा येऊ शकतो. याचे सर्वांत मोठे मोजता येण्याजोगे कारण आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत विरोध, हे आहे. ८ ओहमला त्याने भागून येणारा आकडा म्हणजे डॅम्पिंग फॅक्टर. डॅम्पिंग फॅक्टर १०० असलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स ०.०८ ओहम असतो, आणि तो स्पीकरच्या चढउताराची दखल घेत नाही. डॅम्पिंग फॅक्टर ४ असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा तो २ ओहम असतो. आता एखाद्या स्पीकरचा इम्पिडन्स २०० हर्ट्झला ४ ओहम आणि क्रॉसओव्हरजवळ (वूफर आणि ट्वीटर यांच्यात स्वर वाटून देणाऱ्या सर्किटच्या सीमेजवळ), २ किलोहर्ट्झला, २० ओहम आहे असे समजा. या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर पहिल्या ठिकाणी सुमारे ३.५ डेसिबलची घट होते आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ ०.८ डेसिबलची, म्हणजे २ किलोहर्ट्झचा भाग तुलनेने २.७ डेसिबल वर उचलला जातो. मृदू आवाजासाठी आणलेला ॲम्प्लिफायर येथे कर्कशपणा वाढवतो! इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरवर (पातळ पडदा विद्युतभाराने हलवणाऱ्या) याच्या नेमके उलट होते: त्यांचा इम्पिडन्स वर जाताना घसरत जातो, त्यामुळे तोच ॲम्प्लिफायर त्यांचे वरचे टोक हळुवार करतो. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या स्पीकरवर ऐकलेला मृदूपणा आपल्याकडे येईलच असे नाही, तो या कारणामुळे. जुन्या पद्धतीच्या काही क्लास डी ॲम्प्लिफायरमध्येही शेवटच्या फिल्टरमुळे भारानुसार वरचे टोक थोडे उचलले किंवा दबले जाते. फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणाऱ्या, म्हणजे फिल्टरनंतरचा सिग्नल तपासून चूक सुधारणाऱ्या, नव्या रचनांत हा प्रश्न जवळपास राहिलेला नाही.

त्यामुळे निवडीचा माझा क्रम असा आहे: मोजमापाने ठरलेल्या व्होल्टेजच्या दीडपट ते दुप्पट क्षमता, स्पीकरच्या किमान इम्पिडन्सला पुरेसा करंट, कमी आउटपुट इम्पिडन्स, आणि शक्यतो टोन कंट्रोल. शेवटच्या गोष्टीला शौकीन मंडळी नाक मुरडतात, परंतु २ डेसिबल ट्रेबल कमी करण्यासाठी संपूर्ण ॲम्प्लिफायर बदलण्यापेक्षा नॉब फिरवणे अधिक नेमके आणि उलट करता येण्याजोगे आहे.

सीडी प्लेअरवर संशय केव्हा घ्यावा

सीडी प्लेअरची चाचणी घेताना पातळी जुळवणे अपरिहार्य आहे. एक प्लेअर २ व्होल्ट आणि दुसरा २.५ व्होल्ट देत असेल, तर दुसरा जवळजवळ २ डेसिबल मोठा वाजतो, आणि एवढा फरक ‘मोठा’ असा न जाणवता ‘अधिक मोकळा, अधिक बारकाव्यांचा’ असा जाणवतो. एकाच परीक्षण-स्वराला स्पीकरच्या टर्मिनलवरील व्होल्टेज २ टक्क्यांच्या आत जुळवले, म्हणजे फरक ०.२ डेसिबलखाली आणला, आणि कोणता प्लेअर चालू आहे हे न पाहता ऐकले, की नीट बनवलेल्या प्लेअरमधील फरक बहुतेक वेळा फारच लहान उरतो. सीडीवरील माहितीचे स्वरूप सर्वत्र तेच आहे, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. लेन्स धुळीने माखली तर गाणे अडखळते किंवा सीडी वाचलीच जात नाही. त्यामुळे आवाज तीक्ष्ण होत नाही.

तरीही तीन ठिकाणी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल माहितीचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) खरोखर जबाबदार असू शकतो. पहिले ठिकाण १९८० च्या दशकातील काही सीडींचे आहे. त्या काळात प्री-एम्फसिस नावाची सोय वापरली जात असे: मुद्रणाच्या वेळी वरच्या कंपनसंख्या वाढवायच्या, सीडीवर तशी खूण ठेवायची आणि प्लेअरने ती ओळखून वाजवताना त्या पुन्हा कमी करायच्या. ही वाढ सुमारे ३ किलोहर्ट्झपासून जाणवू लागते आणि २० किलोहर्ट्झला ९ डेसिबलच्या पुढे जाते. खूण न ओळखणारा डॅक वापरला, किंवा सीडीची संगणकावर फाइल करताना खूण हरवली, तर अशी सीडी असह्य तीक्ष्ण वाजते आणि इतर सर्व ठीक वाजतात. तीच सीडी जुन्या प्लेअरच्या ॲनालॉग आउटपुटमधून ऐकली की उलगडा होतो.

दुसरे ठिकाण अतिमोठ्या आवाजात मुद्रित केलेल्या अलीकडच्या सीडींचे आहे. त्यांतील नमुने (लहरीच्या ठरावीक अंतराने नोंदलेल्या किमती) कमाल पातळीला टेकलेले असतात, आणि दोन नमुन्यांच्या मधली प्रत्यक्ष लहर त्याहूनही वर जाते. डॅकच्या डिजिटल फिल्टरमध्ये तेवढी मोकळी जागा नसेल तर तेथेच कापणी होते. फाइल वाजवत असल्यास डॅकच्या आधी ३ ते ४ डेसिबल पातळी कमी करून ऐकल्यावर तीक्ष्णपणा घटला, तर कारण हे होते. मूळ मुद्रणातील दडपण (हळू आणि मोठ्या आवाजातील फरक कमी करणे) मात्र कोणत्याही प्लेअरने सुटत नाही.

तिसरे ठिकाण फिल्टरच्या निवडीचे. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा (नमुन्यांमध्ये जादा नमुने न भरणारा) डॅक, वेगळी भरपाई नसल्यास, २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबल खाली असतो, आणि काही प्लेअरमध्ये सावकाश उतरणारा फिल्टर निवडता येतो. यामुळे अगदी वरचे टोक किंचित मवाळ होते. २ ते ५ किलोहर्ट्झचा टोचरा भाग मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्लेअर निवडताना मी त्याऐवजी सीडी वाचणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग मिळतात का, तो खरवडलेल्या सीडी वाचतो का, आणि त्याचा आउटपुट ॲम्प्लिफायरला झेपण्याजोगा आहे का, हे पाहीन. शेवटचा मुद्दा उपेक्षित आहे: नॉब अगदी तळाशी असताना पुष्कळ व्हॉल्यूम कंट्रोलचे डावे-उजवे प्रमाण बिघडते आणि गायक एका बाजूला सरकतो. अशा वेळी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (पातळी कमी करणारा छोटा जोड) लावणे पुरेसे असते.

दोष स्पीकरमध्येच असेल तर

सर्व तपासण्यांनंतर असे आढळू शकते की स्पीकरचे वरचे टोकच १-२ डेसिबल उचललेले आहे. दुकानात चटकन लक्ष वेधून घेण्यासाठी काही स्पीकर तसे केलेले असतात. टोन कंट्रोल नसेल आणि स्पीकरला चार टर्मिनल असतील, तर ट्वीटरकडे जाणाऱ्या धन बाजूच्या जोडपट्टीच्या जागी १ ओहमचा, १० वॅटचा, इंडक्टन्स नसलेला रेझिस्टर बसवता येतो. ट्वीटरच्या बाजूचा इम्पिडन्स ६ ते ८ ओहम असल्यास यामुळे १ ते १.३ डेसिबलची घट होते. स्पीकर उघडावा लागत नाही आणि आवडले नाही तर पट्टी परत लावता येते. घट जास्त वाटल्यास ०.५ ओहमचा घ्यावा. २ ओहमच्या पुढे जाऊ नये, कारण मग क्रॉसओव्हरचे काम बिघडू लागते. दोन्ही स्पीकरना एकाच मूल्याचे रेझिस्टर लावावेत, आणि ते मोठ्या आवाजात गरम होत असल्यामुळे कॅबिनेटला किंवा पडद्याला टेकणार नाहीत असे बसवावेत.